वीतभर उतार

मी एक जुनी व्हॅन आहे. किती जुनी ते विचारू नका, मित्रांनो. माझ्या वयाच्या बहुतेक गाड्यांचे आतापर्यंत पत्र्याचे डबे झाले असतील. मी मात्र अजून रस्त्यावर आहे. माझ्या पोटात एक पलंग, एक शेगडी, तीन कपाटं आणि पाण्याची टाकी आहे. तो पलंग वाकडा आहे. पाहणाऱ्याला वाटतं, कुणा शिकाऊ माणसाने ठोकला असावा. पण तो ठोकणाऱ्याइतका नेटका सुतार मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्या वाकड्या पलंगामुळे मी जे पाहिलं तसं तर काहीच पाहिलेलं नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी भलत्याच तोऱ्यात होते. वाटलं, आता जग बघायचं. नशिबी आली लाँड्री. एकोणीस वर्षं मी लाँड्रीतून इस्पितळात आणि इस्पितळातून लाँड्रीत ये-जा केली. सकाळी धुतलेल्या चादरी न्यायच्या, दुपारी मळलेल्या आणायच्या. वाटेत अकरा चौक आणि एक सिग्नल, तो मला पाहिलं की लाल होई. लाँड्रीवाला माझं तोंड भरून कौतुक करी. "ही एक दिवस रुसली नाही," असं तो येईल त्याला सांगे. हजारो आजारी माणसांच्या चादरी मी वाहिल्या, पण त्यांतल्या एकाचंही तोंड पाहिलं नाही. त्या चादरीवर आडवं पडल्यावर माणसाला काय दिसत असेल, असा विचारही कधी मनाला शिवला नाही. चादर बिनडाग पोचली की माझं काम संपलं.

मग एके दिवशी नवी व्हॅन आली आणि माझी रवानगी लाँड्रीमागच्या उतरत्या गल्लीत झाली. नाक खाली, पाठ वर अशी मला उभी केली. माझ्या हँडब्रेकवर कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून पुढच्या दोन चाकांपुढे दोन-दोन विटा लावल्या. त्या चार विटांच्या आधाराने मी चार वर्षं काढली. टायर बसले, पत्र्याला गंज चढला. एका मांजरीने माझ्यात तीनदा पिल्लं घातली. जग बघायला निघालेली मी, मांजरीची बाळंतखोली होऊन बसले. सुरुवातीला फार वाईट वाटलं. पुढे तेही वाटेनासं झालं.

आणि मग तो सुतार आला. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो राही. त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. कपाटाचं दार एका मिलीमीटरने जरी खाली आलं तरी तो ते पुन्हा काढून बसवी. त्याच्या खिशात कायम एक छोटी पाणसळ असे. काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मधे आला की काम सरळ, नाहीतर वाकडं. त्याचा सगळा विश्वास त्या बुडबुड्यावर होता. त्याने माझ्याभोवती तीन चकरा मारल्या, दारं उघडून पाहिली आणि म्हणाला, "लांबी पुरते. ताई मावेल."

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. तीस वर्षं ती टपाल वाटत होती. तिने पायी तुडवला नाही असा एक रस्ता शहरात नव्हता. मग अकरा वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली, पाठीच्या कण्याला मार बसला आणि ती पलंगाला खिळली. तिला बसवायचं नाही, मानेखाली जाड उशी द्यायची नाही, पाठ फळीसारखी सरळ ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मिलीमीटरने ते शब्द काळजात कोरून ठेवले. दर महिन्याला तो तिच्या पलंगावर पाणसळ ठेवून बघे आणि बुडबुडा जरा हलला की पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवी. त्या पलंगावरून ताईला छत दिसे आणि डोळे अगदी कोपऱ्यात नेले तर खिडकीतून समोरच्या भिंतीवरचं हातभर आकाश दिसे.

त्या हातभर आकाशातून दरवर्षी थंडीच्या तोंडावर करकोचे जात. दोन-तीन दिवस, ओळीच्या ओळी. ताई ते मोजून वहीत लिही. ते एका मोठ्या तळ्यावर आठ-दहा दिवस उतरतात आणि मग पुढे जातात, हे तिने रेडिओवर ऐकलं होतं. अकरा वर्षांत तिने भावाकडे एकच गोष्ट मागितली. "मला ते जाताना दिसतात रे. एकदा उतरताना बघायचेत." डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर यंदाच न्या, पुढच्या वर्षी हाडं प्रवास सोसतीलच असं नाही. म्हणून मिलीमीटर माझ्यापाशी आला होता.

माझं इंजिन बघायला गॅरेजवाली वहिनी आली. नवऱ्यामागे गॅरेज तीच चालवी आणि तिची जीभ पान्यापेक्षा कडक होती. माझ्याखाली शिरून तिने हातोडीने ठोकून पाहिलं तर तळाच्या पत्र्यातून हातोडी सरळ वर आली. "ओल्या चादरींचं पाणी पिऊन पिऊन हिचा तळ सडलाय," ती म्हणाली. सडका भाग कापून तिने नवा पत्रा जोडला, रेडिएटर धुतला, पट्टे बदलले, नवी बॅटरी बसवली. चार वर्षांनी पहिल्यांदा इंजिन धडधडलं तेव्हा मांजर उडी मारून पळाली आणि मला, खोटं कशाला सांगू, रडू आलं.

आत मिलीमीटरचं राज्य होतं. त्याने मागच्या दारांना काचा लावल्या आणि रबराच्या पट्ट्या बसवून वर पाण्याच्या बादल्या ओतून पाहिल्या. चादरी टांगायच्या माझ्या जुन्या दांड्यांचे पलंगाला कठडे केले. कपाट, फळी, पलंग, जे बसवी त्यावर आधी पाणसळ ठेवी. बुडबुडा मधे आल्याशिवाय एक स्क्रू पिळला नाही. आणि काम पुरं होईपर्यंत गाडी तसूभरही हलवायची नाही, हा त्याचा नियम. म्हणून विटा जागच्या जागी राहिल्या.

तुमच्या लक्षात आलं असेल, मित्रांनो. त्याच्या आलं नाही. त्याने आयुष्यभर घरांत कपाटं बसवली होती आणि घरं जागची हलत नाहीत. मला तरी कळायला हवं होतं. पण चार वर्षं उतारावर उभं राहिलं की उतार हीच सपाट जमीन वाटू लागते.

दारांच्या काचांनी ठरल्यापेक्षा आठवडा जास्त खाल्ला आणि काम संपायच्या आधीच करकोचे शहरावरून गेले. गल्लीत हातातली कामं टाकून सगळे वर बघत राहिले. वरच्या खिडकीतून ताईचा आवाज आला, "तीनशे बारा." आता आठ-दहा दिवसांत तळं गाठायचं, नाहीतर नाहीच.

पाचव्या दिवशी सकाळी लाँड्रीतल्या चौघांनी ताईला फळीवर बांधून जिन्याने खाली आणलं. तीन मजल्यांना तासभर लागला. तिला इमारतीसमोर ठेवलं, मिलीमीटरने माझ्या चाकांपुढच्या विटा काढल्या आणि वहिनीने मला गल्लीतून बाहेर, सपाट रस्त्यावर आणलं.

कपाटांतले डबे एकामागोमाग एक मागच्या बाजूला सरकले आणि धडाधड आपटले. मिलीमीटरने पलंगावर पाणसळ ठेवली. बुडबुडा पळत जाऊन नळीच्या टोकाला बसला. उशाकडची बाजू पायथ्यापेक्षा वीतभर उंच होती. वहिनीने कपाळाला हात लावला आणि मग तिला हसू आवरेना. "अहो मिलीमीटर, उतारावर पाणसळ लावलीत तुम्ही. गाडीत मोजायचं ते गाडीच्या तळापासून."

त्याचा चेहरा असा उतरला की माझ्याने पाहवेना. "ताई, तुला परत वर नेतो," तो म्हणाला. "सगळं उचकटून नव्याने करतो. पंधरा दिवस दे."

"पंधरा दिवसांनी तळ्यावर काय बघू, शेवाळ?"

"अगं, पण वाकड्या पलंगावर कसं निजवू तुला?"

"पाठ सरळ हवी असं सांगितलंय ना डॉक्टरांनी? फळी सरळच आहे की. तीन मजले उतरलेय मी. आधी आत ठेव, मग भांडू."

तिला डोक्याकडून आत सरकवलं. उशी ड्रायव्हरच्या पाठीशी, पाय मागच्या दारांकडे. पट्टे आवळले. मिलीमीटर पटाशी हातात घेऊन दारात उभा होता, ती म्हणताच पलंग उखडायला तयार.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

"बाजूला हो," ती म्हणाली. "मला रस्ता दिसतोय."

तो बाजूला झाला. ती बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या बाईच्या चपला दिसतायत. अकरा वर्षांत मी कुणाच्या पायातल्या चपला पाहिल्या नाहीत रे." ते झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसतंय म्हणाली, दार लावू नका म्हणाली, आणि कुणी पलंगाला हात लावला तर याद राखा म्हणाली. मिलीमीटरने पटाशी पेटीत ठेवली.

दिवसभराची वाट होती. वहिनीने मला फुलासारखं चालवलं. दर तासाला थांबायची, टायरला हात लावून बघायची, तेलाची पट्टी काढून बघायची. शहर संपलं आणि माझे अकरा चौक कुठल्या कुठे राहिले. मला माहीतच नव्हतं, मित्रांनो, की रस्ता सिग्नलशिवाय इतका लांब असू शकतो. डोंगर चढताना माझं डोकं तापलं, तेव्हा वहिनीने सावलीत थांबून मला निवू दिलं आणि मगच पाणी भरलं. पलीकडच्या उतारावर तर गंमतच झाली. मिलीमीटर ताईशेजारी पाणसळ हातात घेऊन बसला होता. उतार लागला, पलंग सपाट झाला आणि बुडबुडा बरोबर मधे आला. "बघ, आता कसा सरळ आहे," तो आनंदाने म्हणाला. ताई म्हणाली, "हो. आणि आता मला परत छतच दिसतंय." त्याचं हसू विरलं. मला वाटतं, त्याला पहिल्यांदा काहीतरी कळलं ते तेव्हा.

सूर्य टेकायला आला तेव्हा आम्ही तळ्यावर पोचलो. वहिनीने मला उलटं घेऊन अगदी काठाशी लावलं आणि मागची दोन्ही दारं सताड उघडली. आता माझं तोंड रस्त्याकडे आणि पाठ तळ्याकडे. मी जे पाहिलं ते बाजूच्या दोन आरशांत. पण तेवढ्यानेही मी थक्क झाले.

तळं इतकं मोठं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाण्यावर काहीही नव्हतं. मिलीमीटर पुटपुटला, "गेले वाटतं." ताईने त्याला गप्प केलं. मग लांबून आवाज आला, आधी बारीक, कुठेतरी जत्था बोलत चालल्यासारखा. आकाशाच्या कडेला एक रेघ उमटली, तिच्यामागे दुसरी, आणि मग रेघाच रेघा. आले ते येतच राहिले. डोक्यावर येताच ते पाय खाली सोडत, पंख ताठ धरत आणि गोल फिरत सावकाश उतरत, इतके मोठे पक्षी, आणि पाण्याला टेकताना साधा शिंतोडाही नाही. त्यांच्या आवाजाने माझा पत्रा थरथरू लागला. एकोणीस वर्षं मी इंजिनाने थरथरले होते. ही थरथर वेगळीच होती. आपण किती लहान आहोत, आणि तरी आपल्याला इथे येऊ दिलं, असं काहीसं मला वाटत होतं. मला नीट सांगता येत नाही.

ताईच्या पोटावर वही उघडी होती. "तीनशे... चारशे दहा..." इथपर्यंत ती मोजत होती. मग तिने पेन्सिल ठेवून दिली. अंधार पडून पाणी दिसेनासं होईपर्यंत तिची पापणी लवली नाही. कडक जिभेची वहिनी मडगार्डला टेकून उभी होती. आज तिने तेलाची पट्टीही काढून पाहिली नाही.

सकाळी वहिनीने आणि त्याने ताईला फळीसकट बाहेर, उन्हात ठेवलं. गादी झटकायला म्हणून मिलीमीटर आत आला. झटकली नाही. इकडेतिकडे बघून तो स्वतःच पलंगावर आडवा झाला, अगदी ताईसारखा, पाठ सरळ, हात बाजूला. समोर तळं होतं, पाण्यात उभे हजारो पक्षी होते. तो बराच वेळ बघत होता. मग त्याने खिशातून पाणसळ काढली, छातीवर धरली आणि त्याचे डोळे भरून आले.

"ताई," त्याने आतूनच हाक मारली. "अकरा वर्षं मी तुझा पलंग सरळ करत राहिलो. एकदाही त्यावर आडवा होऊन पाहिलं नाही."

"आता पाहिलंस ना," ती बाहेरून म्हणाली. "मग झालं."

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन. मला जपायचं तर तेल बघा, हवा बघा, गंज दिसला की लगेच खरवडा. वहिनी ते सगळं करते आणि मी तक्रार करत नाही. पण माणसाला जपायचं असेल, तर एकदा त्याच्या जागी आडवे होऊन पाहा, त्याला तिथून काय दिसतं ते. एवढं एकच मागणं आहे.

परत आल्यावर मी पुन्हा त्याच गल्लीत, त्याच उतारावर उभी राहिले. मिलीमीटर माझ्या चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे घेऊन आला, रंधून गुळगुळीत केलेले, मिलीमीटरचाही फरक नसलेले. ते लावून त्याने माझ्या त्या जुन्या चार विटा उचलल्या, नळाखाली स्वच्छ घासून धुतल्या आणि तिसऱ्या मजल्यावर नेल्या. मी खालून बघत होते. थोड्या वेळाने पलंग खिडकीशी सरकल्याचा आणि विटांवर टेकल्याचा आवाज आला. आणि मग खिडकीत, अकरा वर्षांत पहिल्यांदा, ताईचा चेहरा दिसला. ती खाली गल्लीत बघत होती, सरळ माझ्याकडे.