धप्प्याच्या आधी

रोहितच्या मोबाइलमध्ये सविताची मुलगी पहिल्यांदा चालली होती.

काल दुपारी. उंबऱ्यापासून टीव्हीच्या टेबलापर्यंत, दोन्ही हात वर करून, झुलत झुलत. सासूबाईंनी पाहिलं, शेजारच्या भागुबाईंनी पाहिलं, गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाने पाहिलं. सविता तेव्हा सिन्नरला, कारखान्यात पंख्यांची पाती खोक्यांत भरत होती. धाकटा दीर रोहित याने तेवढ्यात मोबाइल काढून शूटिंग केलं म्हणून बरं. रात्री तिने ते त्याच्या मोबाइलवर एकदा बघितलं. दुसऱ्यांदा लावलं आणि बॅटरी गेली.

सकाळी शालिमारच्या बाजारात जाऊन तिने जुना मोबाइल विकत घेतला. तिला तो व्हिडिओ स्वतःजवळ हवा होता. कंपनीच्या जीपमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, वाटेल तेव्हा. मोबाइलमध्ये ब्लूटूथ आहे ना, एवढंच तिने दुकानदाराला विचारलं. बाकीचं घरी येऊन रोहितला.

— म्हणजे वायर नाही?
— नाही, वहिनी.
— मग जातं कुठून?
— हवेतून.
— मधे कोणी आलं तर? आपटेल त्याच्यावर!
— आपटत नाही हो! फक्त दोन्ही मोबाइल जवळ पाहिजेत. दहा मीटर धरा. लांब गेलं की तुटलं.

शोधत आहे…
सापडले : धोंडीराम

"हा कोण?" रोहित खो खो हसला. "वहिनी, तुमच्या मोबाइलचं नाव धोंडीराम आहे."

"आधीच्या मालकाचं असेल. राहू दे त्याला. पाठवा तुम्ही."

दोन्हीकडे सारखाच आकडा टाकायचा होता. टाकला. पट्टी निळी व्हायला लागली. निम्म्यावर आली आणि थांबली.

जागा अपुरी

धोंडीरामने मोबाइल गच्च भरून ठेवला होता. बैलांचे फोटो, भजनं, परत बैल. सविता एकेक पुसायला बसली आणि खालून आरोळी आली.

"रोह्याऽऽ! खाली ये भो! का आम्ही वर येऊ?"

आले वर. रंगपंचमी होती. जुन्या नाशकात त्या दिवशी कोणी बोलावण्याची वाट बघत नाही. पुढे निवृत्ती, तालमीतला, अंगाने दरवाजाएवढा, डोक्यापासून पायापर्यंत केशरी.

"भाऊ, थांब जरा, एक मिनिट—"

रोहितने तोंडातून शब्द काढला आणि चूक केली. खाली चौकात रहाड उघडली होती. वर्षभर मातीखाली बुजवून ठेवलेला दगडी हौद, फुलं उकळून केलेल्या रंगाने काठोकाठ भरलेला. त्यात उडी मारायची, तिला म्हणायचं धप्पा. जो थांबा म्हणतो त्याला आधी उचलायचं, हा गल्लीचा कायदा. रोहितला तो पाठ होता. इतरांवर त्यानेच तो कितीदा चालवला होता.

उचलला.

मोबाइल हातात!

"वहिनीऽऽ!"

मोबाइल रंगात गेला की संपला. आणि मोबाइल संपला की काल दुपार संपली. मुलगी आज पाऊल टाकायला तयार नव्हती, ढिम्म बसून बिस्किट खात होती. उद्या चालेलच की. पण पहिल्यांदा चालणार नव्हती.

सविताने दुधाची रिकामी पिशवी घेतली, आपला मोबाइल तिच्यात घातला, पदर खोचला आणि जिना उतरली. या वेळी रहाडीजवळ पुरुषांचाच धुमाकूळ असायचा, बायका गॅलरीतून बघायच्या. वरून सासूबाई ओरडल्या, "अगं सविता! कुठे निघालीस?"

"दहा मीटरच्या आत!"

ढोल. पिचकारी. पाठीवर अख्खी बादली. पुढे माणसांच्या डोक्यांवरून रोहित तरंगत चाललेला, आडवा, फक्त उजवा हात सरळ वर. हातात मोबाइल.

"भाऊजी, तो माझ्याकडे द्या!"

"कोणाच्या हातात देऊ? सगळे ओले!" खरंच, चौकात कोरडा माणूस औषधालाही नव्हता. "जागा झाली का?"

पिशवीवरून बटणं दाबत तिने उरलेले बैल पुसले. "झाली! पाठवा!"

रोहितने आडव्या आडव्याच अंगठा चालवला.

धोंडीरामला पाठवत आहे…

"कोणाला पाठवतोय रे?" निवृत्ती खालून मान वाकडी करून बघत होता. "हा धोंडीराम कोण?"

"वहिनी आहे माझी!"

हशा इतका मोठा झाला की रोहित जवळजवळ निसटलाच.

स्वीकारायचे? — हो हो हो.

पट्टी सुरू. घोळका वळला, सविता वळली. घोळका पळाला, सविता पळाली. पुढे गर्दी दाटली, ती मागे पडली, पट्टी अडखळली. सविताने दोन्ही कोपरं बाहेर काढली, कंपनीची जीप सुटताना काढायची तशी, आणि घुसली. केशरी पाठ, केशरी पाठ, केशरी पोट, आणि एकदम समोर रहाड.

पट्टी पाऊण.

"एक!" पोरांनी रोहितला हातापायांना धरून झोका दिला. उजवा हात मात्र त्याने कोणाला धरू दिला नाही.

"निवृत्तीभाऊ, थांबा!" सविता किंचाळली. "त्यात माझी मुलगी आहे! पहिल्यांदा चालतेय ती!"

निवृत्तीने तिच्याकडे बघितलं. वर हाताकडे बघितलं. कायदा मोडायचा कसा? मग तो मोठ्याने म्हणाला,

"एक!"

"झालं ना एक," पोरं म्हणाली.

"मला नाही ऐकू आलं. परत एक! दोन म्हणायचं नाही कोणी!"

एक. एक. एक! सगळा चौक ओरडायला लागला, ढोलवाल्याने तोच ठेका धरला, रोहित वरखाली, वरखाली, हात आभाळात. पट्टीत एवढीशी फट. फट. फट—

मिळाले.

"आलाऽऽ!"

दोन नाही, तीन नाही, थेट धप्पा. केशरी पाणी गुडघ्यापर्यंत उडालं. रोहित वर आला तेव्हा मोबाइलच्या फटींतून रंग गळत होता आणि तो हसत होता.

सविताने पिशवीवरचा रंग पदराने पुसला. बोटभर पडदा. उंबरा. दोन हात वर. एक पाऊल. भोवती केशरी डोकी गोळा झाली, निवृत्ती वाकला, मागचे पुढच्यांवर रेलले.

"पडणार, पडणार…"

"नाही पडत! चल बाळा, चल!"

टेबल गाठलं. चौकभर आरोळी उठली. वाड्यांच्या गॅलऱ्यांतल्या बायकांनी काय झालं म्हणून माना बाहेर काढल्या.

"ताई," निवृत्ती म्हणाला, "माझा मोबाइल समोर पानवाल्याच्या गल्ल्यात आहे, कोरडा. त्याच्यावर पाठवता का?"

"माझ्यावरपण!"

"आधी मी बोललो, भो!"

सविताने बटण दाबलं. शोधत आहे… आणि पडद्यावर एकाखाली एक नावं उगवायला लागली.