छत्री कोणाच्या हातात होती

मित्रांनो, माझं कापड तिसरं आहे आणि आठांपैकी तीन काड्या नव्या आहेत. टोक मात्र पहिलंच आहे, पितळेचं. मी एक जुनी छत्री आहे आणि माझ्या म्हातारपणाची मला लाज वाटत नाही. मला लाज वाटते ती या टोकाची. तेच सांगायला आज तोंड उघडलं आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. काळंभोर कापड, वेताची वळलेली मूठ, आणि अंगात ऐट इतकी की शेजारच्या छत्र्यांशी मी बोलतसुद्धा नसे. दत्ताराम मालंडकरांनी मला विकत घेतलं आणि कोकणात तोंडवलीला आणलं. दत्ताराम मासळीचे व्यापारी. सकाळी होड्या किनाऱ्याला लागत, वाळूवर मासळीचे ढीग पडत, आणि लिलाव सुरू व्हायच्या आधी दत्ताराम मला मिटून हातात धरत नि ढिगांमधून फिरत. सुरमई असो की मुशी, ते वाकत नसत. माझं टोक तिच्या पोटाला टेकवत. ताज्या मासळीचं अंग दबून पुन्हा वर येतं, शिळीला खळगा राहतो. दत्ताराम म्हणत, "ही आजची नाय," आणि होडीवाला मुकाट्याने मान खाली घाली. माझ्या टोकाचा शब्द किनाऱ्यावर चाले. मी फुगून गेले नसते तरच नवल.

१९५३ सालच्या पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवल्या होत्या आणि लिलाव बंद होते. दत्तारामांच्या बायकोचा, म्हणजे सत्यवतीबाईंचा भाऊ भिकाजी कोलंबोला एका आगबोटीच्या कंपनीत कारकून होता. "एकदा येवन जावा," असं तो दर पत्रात लिही. शेवटी दत्ताराम, सत्यवतीबाई आणि त्यांची आठ वर्षांची विमला अशी तिघं निघाली. चौथी मी. एसटी झाली, आगगाडी झाली, धनुष्कोडीहून आगबोट झाली. विमलाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मामाने पत्रात लिहिलं होतं की इथे मोठी प्राणिबाग आहे आणि तिथे वाघ आहे.

आम्ही बागेत गेलो त्या दिवशी पावसाने नुसता धुमाकूळ घातला होता. वाघ आपल्या खोलीत शिरून बसला होता, त्याची फक्त शेपटी दिसली. माकडं एकमेकांना बिलगून बसली होती आणि मोर चुलीपुढच्या फडक्यासारखा दिसत होता. "समुद्र ओलांडून येवन शेपूट बघलव," असं म्हणून दत्ताराम हसले, पण विमलाचा चेहरा उतरला होता. लेकीला काहीतरी दाखवायचंच असं त्यांच्या मनाने घेतलं. भिकाजी आणि सत्यवतीबाई एका पडवीत थांबले, आणि बापलेक माझ्याखाली अंग चोरून पुढे गेले.

पुढे एक तळं होतं. काठाला लोखंडी गज होते आणि गजांना अगदी लागून एक मोठं काळं, गुळगुळीत जनावर डोळे मिटून पडलं होतं. ना हालचाल, ना आवाज. तो समुद्रसिंह होता. हे नाव आम्हांला नंतर कळलं.

"बाबा, हो मासो काय?" विमलाने विचारलं.

पावसाची सर थांबली होती. दत्तारामांनी मला मिटलं, त्या जनावराकडे मान तिरकी करून पाहिलं आणि किनाऱ्यावरच्या आवाजात म्हणाले, "मासोच. पण मेललो. कालचो आसा."

आणि सवयीने त्यांनी माझं टोक गजांतून आत घातलं.

मित्रांनो, मी हजारो माशांना टेकले होते, पण ते सगळे मेलेले होते. जिवंत अंग टोकाखाली थरथरलं तेव्हा मला कळलं, आणि तोवर उशीर झाला होता. जनावराने मान उचलली, मी घसरले आणि त्याच्या डोळ्याच्या खाली लागले. रक्त आलं. तो असा ओरडला की पडवीतली माणसं धावत सुटली.

दत्ताराम दोन पावलं मागे सरले. "धर गो," म्हणाले, आणि मला विमलाच्या हातात दिलं. घाबरून दिलं असेल. तिथपर्यंत मी त्यांना दोष देत नाही.

बागेचा म्हातारा राखणदार आला. त्याने आधी जनावराकडे पाहिलं, मग माझ्या टोकाकडे, मग मला धरून उभ्या असलेल्या विमलाकडे. तो आपल्या भाषेत काहीतरी बोलला. मागून आलेल्या भिकाजीने सांगितलं, "तो इचारता, कोणी टोचल्यान?"

विमलाने बापाकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. मीही वाट पाहत होते. माशाची लबाडी क्षणात पकडणारा हा माणूस आता बोलेल, याची मला खात्री होती.

दत्ताराम लेकीकडे बोट दाखवून म्हणाले, "ल्हान चेडू आसा. तिका कळाक नाय."

राखणदार विमलावर रागावला नाही. तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि हळू आवाजात सांगू लागला, भिकाजी मधून मधून अर्थ सांगत होता. हा समुद्रसिंह म्हातारा आहे. एका डोळ्याने आंधळा आहे. तुझ्या छत्रीचं टोक दुसऱ्या डोळ्याच्या खाली लागलं, बोटभर वर लागलं असतं तर त्याला काहीच दिसलं नसतं. विमला ऐकत राहिली. मग गजांपाशी जाऊन तिने हात जोडले आणि म्हणाली, "चुकलंय मी. माका माफ कर." पुन्हा पाऊस सुरू झाला. ती माझ्याखाली यायला तयार होईना, भिजतच फाटकापर्यंत चालली. लाजेने माझ्या काड्या आवळून गेल्या होत्या.

तोंडवलीला परत आल्यावर दत्तारामांनी मला माळ्यावर टाकलं. लिलावाला ते वेताची काठी नेऊ लागले. पण गोष्ट माळ्यावर टाकता येत नाही. घरी पाहुणे आले की सत्यवतीबाई हौसेने सांगत, "आमच्या विमलान कोलंबोत सिंहाक टोचल्यान." पाहुणे हसत, विमलाही हसे. दत्ताराम उठून परसात जात. खालचं सगळं मला वरून ऐकू येई. अंगाला वाळवी लागली, कापड कुजलं, पण तेवढं ऐकू येणं काही थांबलं नाही.

विमला शिकली आणि गावातल्याच शाळेत मास्तरीण झाली. पहिल्या पावसाळ्याच्या आधी तिने मला खाली काढलं आणि दुरुस्त करून आणलं. "नवी घे गो, ही कित्याक?" सत्यवतीबाई म्हणाल्या. "हीच बरी आसा," एवढंच ती म्हणाली. का, ते मला तेव्हा समजलं नाही.

१९६६ च्या जुलैमध्ये एक दिवस विमला मला घरीच विसरून गेली. दुपारी आभाळ फाटल्यासारखं झालं. तेरा वर्षांनी पहिल्यांदा दत्तारामांचा हात माझ्या मुठीला लागला. लेकीला छत्री पोचवायला ते निघाले, पण मला उघडलं नाही. काखेत धरून भिजत चालले. शाळेच्या पडवीत पोचलो तर आतून विमलाचा आवाज येत होता. आदल्या दिवशी दोन मुलांनी किनाऱ्यावर एका कासवाला काठीने डिवचलं होतं, त्यावरून ती बोलत होती.

"मुलांनो, तुम्हांला मारून मी मोठी होणार नाही. मी तुमच्याएवढी होते तेव्हा एका म्हाताऱ्या जनावराला छत्रीने टोचलं होतं. मी स्वतः. अजून मला त्याची लाज वाटते."

तिने मलाच का जवळ ठेवलं, ते तेव्हा मला कळलं: बापाची चूक ती स्वतःची म्हणून वागवत होती. दत्ताराम दारात उभे राहिले. धोतरातून पाणी गळत होतं. होडीपर्यंत पोचणारा त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्या बाकापर्यंत जेमतेम पोचला.

"पोरांनू, बाई खोटा सांगता. तेवा छत्री माझ्या हातात होती. मी टोचलंय, आणि चेडवाच्या हातात दिलंय."

विमला खडू हातात धरून तशीच उभी राहिली. मग कासवाला डिवचणाऱ्यांपैकीच एक मुलगा उभा राहिला.

"मगे तेवाच कित्याक नाय सांगलात?"

"लाज वाटली म्हणान."

"आणि आता?"

दत्तारामांनी लेकीकडे पाहिलं. "आता जास्ती वाटता," ते म्हणाले.

विमलाने खुर्चीवरच्या वह्या उचलल्या, खुर्ची पुढे सरकवली आणि बाप बसेपर्यंत उभी राहिली.

मित्रांनो, मुक्या जिवाला टोचू नका, हे तुम्हांला सगळेच सांगतील. मी टोचलं आहे, म्हणून थोडं जास्त सांगते. कधी चुकून हातून तसं घडलंच, तर छत्री दुसऱ्याच्या हातात देऊ नका.