मन मोकळं करायची खोली

माझी नवी गादी डोक्यावर घेऊन आमचे हे भर उन्हात शाळेकडे निघाले, तेव्हा मी अंगणातच आडवी आले.

"अहो, ती पाहुण्यांची गादी! कुठे चालवलीत?"

"शाळेत. वरून हुकूम आलाय. साथीनंतर पोरांची आणि मास्तरांची मनं जड झालीत म्हणे. ती मोकळी करायला एक खोली पाहिजे. साहेब तपासायला येणारेत."

"मग साहेबांच्या घरची गादी आणा की!"

पण हेडमास्तर माणूस. बायकोचं ऐकेल तर हेडमास्तर कसला! गेले तरातरा.

खोली म्हणजे शाळेमागची अवजारांची. शाळेला शेताचा एक तुकडा आहे, तिथे गणिताचे मास्तर पोरांना भाजी लावायला शिकवायचे. यांचा जिवलग मित्र. साथीत ते गेले आणि शेत पडीक झालं. आता नुसती कडक ढेकळं, वारा सुटला की माती थेट वर्गात. त्या दिवसापासून यांनी मित्राचं नाव म्हणून तोंडातून काढलं नाही. विचारलं की, "मला काय धाड भरलीय?" माणूस असा आतल्या आत कुढत राहिला तर एक दिवस हातचा जाईल, ही धास्ती मी उशाशी घेऊन झोपत होते.

तर खोली झाली. कुदळी-फावडी बाहेर, गादी आत. भिंतीवर हसरे चेहरे रंगवले. त्यातला एक असा काही दात काढून हसत होता की धाकटी पोरं घाबरून पळाली. आणि मग यांनी दाराला कुलूप ठोकलं.

"सर, कुलूप?" पहिलीच्या बाई कळवळून म्हणाल्या. "माझ्या वर्गातली एक पोरगी रोज बाकाखाली बसून रडते हो. बाप गेलाय तिचा. तिला जरा नेते आत."

"गादी मळेल, बाई. साहेब येऊन जाऊ देत, मग खुशाल रडा."

बाई गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही निदान शाळा सुटल्यावर सुटता. माझं काय?"

साहेब यायच्या दिवशी तर कहरच. शाळेची अब्रू जायला नको म्हणून खरी रडकी पोरं यांनी शेतात ढेकळं फोडायला पाठवली. दुःखी म्हणून गावातली सगळ्यात दांडगी पोरं निवडली. तोंड पाडून आत जायचं, गादीवर बसायचं, हसत बाहेर यायचं. दांडग्यांना कुठलं जमायला? ती दारातच फिदीफिदी हसत सुटली. मी पाणी द्यायच्या निमित्ताने तिथेच होते. माझ्या गादीवर लक्ष ठेवायला दुसरं कोण होतं?

"शिक्षकांची मनं कशी आहेत?" साहेबांनी विचारलं.

"एकदम ठणठणीत!" हे ताठ उभे राहून म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली आणि गादी मऊ आहे का बघायला आत जाऊन बसले. बसले ते बसलेच. बघतो तर चष्मा हातात आणि साहेब ओक्साबोक्शी रडतायत.

"माझी बायको गेली हो साथीत," ते म्हणाले. "दिवस होत नाहीत तोच कामावर बोलावलं. तेव्हापासून गावोगाव या खोल्या तपासत फिरतोय. मला कुणी बस म्हणालं नाही."

साहेबच रडले तर काय करायचं, हे हुकमात नव्हतं. हे पार भांबावले. दांडग्या पोरांचंही हसू कुठल्या कुठे गेलं. मग यांनी चपला काढल्या, आत जाऊन साहेबांच्या शेजारी बसले. बाहेर ड्रायव्हर भोंगा वाजवून थकला.

साहेब गेल्यावर यांनी किल्ली बाईंच्या हातात दिली. बाई त्या पोरीला शेतातून उचलून घेऊन आल्या. पुढे वरून दुसरा हुकूम आला, की तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी गादीवर बसू नये. हसावं की कपाळ बडवून घ्यावं?

पण साहेब येऊन गेले त्याच दिवशी तिन्हीसांजेला मी परसात भांडी घासत होते. हे येऊन पायरीवर बसले.

"मास्तरशी माझा अबोला होता गं," हे म्हणाले. "शेतात भेंडी लावायची की वांगी, एवढ्यावरून. म्हटलं, येईल चार दिवसांनी ताळ्यावर. आणि तो गेलाच."

आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

मला बोलायला ढीगभर होतं. भेंडीवरून होतं, वांग्यावरून होतं, पुरुषांच्या अकलेवरून तर होतंच होतं. मी गप्प बसले. गावात कुणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही.