साफ केलेलं शेत

गारा पडल्या आणि तिसऱ्याच दिवशी काकूचं शेत आरशासारखं लख्ख. तिथंच घोडं पेंड खातं.

खरकटी वाटी रात्रभर राहिली तर जिला झोप लागत नाही, ती सडका टोमॅटो डोळ्यांसमोर कशी ठेवणार? एकटीनं झाडं उपटली, काठ्या बांधून भिंतीला लावल्या, घाण खड्ड्यात पुरली. भरपाईसाठी सरकारी पाहणी होईपर्यंत पानाला हात लावायचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला कोण सांगणार? घरात बोलणारा एक रेडिओ, तोही खरखरणारा.

पाहणीवाला नवाच होता. त्यानं मोबाईल वर धरला, खाली घेतला.

"मावशी, फोटो कशाचा काढू? नुकसान कुठंय?"

"पुरलं."

"पुरलं?" तो फिस्सकन हसला. "लोक नसलेलं दाखवतात, तुम्ही असलेलं गाडून बसलात!"

"दात काढू नकोस. उकरून दाखवते."

"चिखलावर नाव असतं का तुमचं?"

मदत बुडाली तर नवी रोपं येणार नव्हती. मग शहरात लेकीकडे, सहाव्या मजल्यावर, जावयाच्या सोफ्यावर पाय आखडून बसायचं. जन्मभर.

पाहणीवाल्यालाच दया आली. "लागून ज्याचं शेत, त्याची साक्ष चालते. पलीकडे कोण?"

पलीकडे दीर. नवरा गेला त्या वर्षी विहिरीच्या पाण्यावरून काकूचं नि त्याचं असं वाजलं, की सात वर्षं तोंड बघणं बंद. काकूनं नुसतं बोट दाखवलं. पाहणीवाल्यानंच हाक मारली.

दीर फावडं घेऊन आला. तिच्याकडे बघितलंही नाही.

"पीक होतं का हो इथं?"

"होतं की. लालेलाल. बाईला घाण खपत नाही. गारा विरघळायच्या आत झाडायला हजर."

म्हणजे हा बघत होता तर.

"अर्जदाराशी नातं काय? आधीच सांगतो, नातेवाइकाची सही धरत नाहीत."

दीरानं फावड्याचा चिखल बुटानं खरवडला. बराच वेळ खरवडला.

"कसलं नातं? सात वर्षांत शब्द नाही. शेजारी लिहा."

सही केली आणि चालू लागला.

"झालं मावशी, महिन्याभरात जमा होईल."

काकूच्या जिभेवर 'भावजी' आलं होतं. पण पाहणीवाला अजून तिथंच, कागद पिशवीत कोंबत. तिनं ओठ घट्ट मिटले. त्या बाबानं आधी पेन शोधलं, मग हेल्मेटचा पट्टा लावला, मग गाडीला चार किका मारल्या. गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला, तोवर दीर लांब, एवढुसा झाला होता.

ती बांधापर्यंत धावली. 'कसलं नातं' हे सहीसाठी म्हणाला, की खरंच तसं धरून चाललाय? हाक मारायची, तर काय म्हणून मारायची?

दीर वाकून कामाला लागला होता. ती नुसतीच उभी राहिली.