आठ लाल, दोन पांढरे

"आभाळात घार उडू दे, तिचा कुठला डोळा मिटलाय ते मी इथून सांगीन!" असं चांगदेव म्हात्रेने माइकवरून जाहीर केलं, आणि दुसऱ्याच मिनिटाला हरलेल्या बैलगाडीला पहिला नंबर देऊन टाकला.

गावच्या शर्यतीत तो सव्वीस वर्षं निशाणावर उभा राहत आला होता. ओहोटीला किनाऱ्यावरची पुळण घट्ट झाली की दोन-दोन गाड्या सोडायच्या. शेवटाला निशाणाच्या खांबापासून ताणलेली दोरी. ज्याच्या बैलाचं नाक आधी दोरीला लागेल त्याच्या बाजूला चांगदेवने झेंडा झुकवायचा, एक गाडी समुद्राच्या बाजूची, एक माडांच्या बाजूची. कॅमेरा नाही, अपील नाही. ट्रक चालवायचा तेव्हापासूनचा केशरी टॉवेल खांद्यावर टाकून चांगदेव उभा राहिला की लोक म्हणायचे, झालं, आता भांडण नाही.

गेल्या चैत्रात डावीकडची, समुद्राच्या बाजूची गाडी चांगली दोन हात पुढं होती. चांगदेवने झेंडा माडांकडे झुकवला.

"तात्या, आमची गाडी दिसली न्हाय तुला?" गाडीवाला ओरडला.

"कुठली गाडी?" चांगदेवने अगदी मनापासून विचारलं.

दोरीचं दुसरं टोक बारा वर्षं येसाजी धरायचा. चांगदेवचा चुलतभाऊ. झेंडा आपल्या हातात कधी येतो याची वाट बघत त्याने बारा वर्षं ती दोरी धरली होती. तो हळूच म्हणाला, "तात्या, घारीचं ऱ्हाऊ दे. निदान बैल तरी बघ."

कमिटी बसली आणि उठली. ठरलं ते असं: पुढच्या चैत्रापर्यंत डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं तर झेंडा चांगदेवचा, नाहीतर येसाजीचा.

अलिबागच्या डॉक्टर मृणालीने चांगदेवच्या डोळ्यात दिवा मारला आणि सांगितलं, "काका, काचबिंदू आहे. डोळ्यातलं प्रेशर वाढलंय, त्यामुळे डाव्या बाजूचं दिसणं गेलंय."

"गेलं म्हंजे? परत कवा येतं?"

"परत येत नाही. आहे ते टिकवायचं. आणि मान वळवायला शिकायचं."

तिच्याकडे तेव्हा एक अभ्यास चालू होता. काचबिंदूचे नवे थेंब आणि जुने थेंब, कशाने प्रेशर जास्त उतरतं, आणि मुख्य म्हणजे नव्या थेंबांनी डोळ्याच्या आत सूज येते का, हे बघायचं होतं. औषध फुकट, तपासणी फुकट, न्यायला-आणायला जीप. चांगदेवच्या गावातून पाच पेशंट मिळाले. कागदांची बाडं सांभाळायला चिराग नावाचा पोरगेला माणूस होता. त्याने समजावलं, "तुम्हाला नवे थेंब मिळतील की जुने, ते तुम्हाला कळणार नाही. मला नाही. डॉक्टरांना पण नाही."

"मंग कुणाला ठाव?"

"पुण्याच्या कॉम्प्युटरला."

"त्याला काचबिंदू हाय का?" चांगदेवने विचारलं आणि सही केली.

नजरेची तपासणी एका पांढऱ्या भांड्यासारख्या मशीनमध्ये डोकं घालून व्हायची. आत दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. चांगदेवने पहिल्याच फेरीत मशीनला घाम फोडला.

"काका, दिवा लागायच्या आधीच दाबताय तुम्ही!"

"बघ की! सव्वीस वर्षांचा अनुभव हाय."

तरी वर्षभरात गाडी रुळावर आली. रोज रात्री नऊला, मालिका संपली की बायको कमळ त्याला खाटेवर आडवा पाडायची, गुडघ्याने खांदा दाबायची आणि थेंब टाकायची. एक दिवस चुकला नाही. प्रेशर एकोणतीसवरून पंधरावर आलं. मान वळवायची तर इतकी सवय झाली की पंगतीत बसला तरी दोन्ही बाजूंच्या ताटांत काय आहे ते त्याला माहीत असायचं. शेवटची तपासणी चैत्रात, शर्यतीच्या सहा दिवस आधी. तिथून सर्टिफिकेट घ्यायचं आणि येसाजीच्या नाकावर टिच्चून झेंडा.

तपासणीच्या सकाळी पाचही पेशंट जीपची वाट बघत नाक्यावर बसले. नाक्यावर सावली एकाच ठिकाणी, मसाला कुटायच्या डंकाच्या ओट्यावर. चैत्रात डंकाला श्वास घ्यायला फुरसत नसते. वर्षाचा मसाला करायचा, बायांचे नंबर लागलेले, आत चार लोखंडी मुसळं भाजलेल्या मिरच्यांवर धाडधाड पडतायत, आणि दारातून लाल धूर बाहेर येतोय. त्या गावात या दिवसांत कोणी खोकायला थांबत नाही, खोकत खोकतच बोलतात. जीप वाटेत पंक्चर झाली. पाच जण तासभर बसून राहिले.

तेवढ्यात येसाजी आला. बायकोचा नंबर धरायला आला होता, पण बसला तो चांगदेवच्या शेजारी.

"तात्या, झेंड्याला नवी काठी करायची हाय. माझ्या उंचीची करू का तुझ्या?"

चांगदेवने केशरी टॉवेल डोक्यावरून घेऊन तोंड गुंडाळलं आणि झोपल्याचं सोंग घेतलं. येसाजी तासभर बोलला. चांगदेव तासभर झोपला.

दवाखान्यात डॉक्टर मृणालीने एकेकाला दिव्यासमोर बसवलं आणि तिचा चेहरा उतरत गेला. पहिला पेशंट, दोन्ही डोळे लाल. दुसरा लाल. तिसरा, चौथा लाल. डोळ्यांतून धारा. एकाच गावात, एकाच दिवशी!

चिराग फॉर्म घेऊन फिरला. "डोळ्यात धूळ गेली?"

"न्हाय."

"धूर? केमिकल? कसलं दुसरं औषध?"

"न्हाय, न्हाय, कायच न्हाय."

आणि ते खोटं बोलत नव्हते. धूळ म्हणजे रस्त्याची, धूर म्हणजे चुलीचा, केमिकल म्हणजे कारखान्याचं. मसाला यातल्या कशातच बसत नाही. मसाला म्हणजे मसाला.

पाचवा चांगदेव. टॉवेल सोडला, हनुवटी टेकवली. डोळे पांढरेशुभ्र, जणू आत्ताच धुऊन वाळत घातलेत.

"बघ बाय," तो खुशीत म्हणाला, "पाचांत येकच डोळा खरा. कर सही."

डॉक्टरने पेन बाजूला ठेवलं. "काका, खरं सांगा. थेंब घालता ना तुम्ही?"

"म्हंजे?"

"चौघांना त्रास होतो आणि तुम्हालाच काही नाही. कॉम्प्युटर हेच विचारणार. औषध घेतच नसाल तर वर्षभराची माहिती बाद, आणि मी सर्टिफिकेट कशावर देऊ?"

"आगं, प्रेशर उतरलंय की माझं!"

"ते मला दिसतंय. पण वरून चौकशीचा माणूस येईपर्यंत मला सर्टिफिकेटला हात लावता येत नाही."

चांगदेव घरी आला तो मिरची चावल्यासारखा. कमळने ऐकलं आणि तीच भडकली. "मी थेंब टाकत न्हाय? वर्षभर यांच्या छातीवर बसलेय मी! कुठाय ती बाई, तिच्या पण डोळ्यात टाकून दावते!"

तिसऱ्या दिवशी मुंबईहून चौकशीला भाविका मॅडम आल्या. मांडव्याला बोटीतून उतरल्या, बॅग घेऊन, पांढऱ्या कपड्यांत. चिरागने त्यांना गावात आणलं आणि उन्हाचं कुठं बसवायचं म्हणून सावलीत बसवलं. ओट्यावर.

"पेशंटना इथे बोलवा," मॅडम म्हणाल्या आणि वही उघडली.

पहिला माणूस समोर आला. डोळे लालभडक. मॅडमनी त्याच्याकडे चिंतेने बघितलं. "कधीपासून आहे हे?"

"कालपास्नं. आज जरा जास्त."

"रात्री थेंब किती वाजता घालता?"

"कसले थेंब?"

"घालतच नाही? पेशंट नंबर काय तुमचा?"

"बावीस," येसाजी म्हणाला. "पण एकवीसवाली मधी घुसली."

मॅडमनी वही चाळली. अभ्यासात गावाचे पाचच नंबर होते. बावीस कुठंच नव्हता. त्यांनी पुन्हा येसाजीकडे बघितलं, मग नीट दिसेना म्हणून चष्मा काढला, मग डोळे चोळले. मग पर्समधला छोटा आरसा काढून त्यात बराच वेळ बघत राहिल्या. आत मुसळं धाडधाड पडत होती.

"चिराग," त्या नाक ओढत म्हणाल्या, "मी कुठलं औषध घेतेय?"

"मॅडम, तुम्ही कुठलंच नाही."

"आणि हे?"

"ते पण नाही. ते फक्त रांगेत आहेत."

मॅडमनी मागं वळून डंकाच्या दाराकडे बघितलं. दारातून लाल धूर आला. प्रश्न सुटला. अहवालात चार जणांच्या लाल डोळ्यांचा औषधाशी संबंध नसल्याचं लिहिलं गेलं, आणि पुरावा म्हणून येसाजीचं नाव आलं. आपल्याच डोळ्यांनी आपण झेंडा घालवला, हे येसाजीला दोन दिवसांनी कळलं. कमळने मॅडमना अर्धा किलो मसाला बांधून दिला, तो त्यांनी हात लांब ठेवून घेतला.

सर्टिफिकेट आलं. चांगदेवने ते कमिटीत दोनदा वाचून दाखवलं.

शर्यतीच्या सकाळी कमळ बादलीपाशी उभी राहून म्हणाली, "तो टॉवेल आणा हिकडं. धुऊन देते."

"अजिबात न्हाय! पाचांत येकटा मी वाचलो तो या टॉवेलानं. यातला गुण जाईल धुतल्यावर."

"गुण न्हाय जायचा त्यातला," कमळ म्हणाली, "दहा पाण्यात धुतला तरी." पण तो खांद्यावर टॉवेल टाकून निघालाही होता.

पुळणीवर जत्रा भरली होती. दोरीचं टोक येसाजीच्या हातात, त्याची मोटरसायकल निशाणाच्या खांबाला टेकवलेली. चांगदेव मान डावीकडे, उजवीकडे, डावीकडे फिरवत उभा. पाच जोड्या सुटल्या, पाची निकाल बिनचूक. गेल्या वर्षीचा गाडीवालासुद्धा म्हणाला, "तात्याचा डोळा परत आला." फायनलला ऊन डोक्यावर आलं. गाड्या सुटल्या, लोक उठून उभे राहिले, दोन्ही बैलजोड्या नाकाला नाक लावून धावत आल्या. चांगदेवच्या कपाळावरून घामाचा ओघळ डोळ्यापाशी आला. मोक्याच्या क्षणी नजर साफ हवी, म्हणून त्याने टॉवेलने तोंड खसखसून पुसलं. दोन्ही डोळ्यांसकट.

झेंडा समुद्राकडे झुकला. मग माडांकडे झुकला. मग येसाजीच्या डोक्यावर बसला.

चिराग जत्रेला आला होता. त्याने फोन लावून चांगदेवच्या कानाला धरला.

"काका, डोळ्यात काही गेलं का?" डॉक्टर मृणालीने विचारलं. "धूळ? धूर? केमिकल?"

"न्हाय," चांगदेव म्हणाला.

दोन्ही गाडीवाल्यांनी निकाल आपापल्या बाजूने मोजला. कमिटी दीड तास भांडली आणि फायनल पुन्हा घ्यायचं ठरलं. तोवर भरती आली होती. येसाजीची मोटरसायकल अजून खांबालाच टेकवलेली होती. ती सीटपर्यंत पाण्यात गेली.