तीन मीटर आणि एक डोळा

उजेड मोजायचा मीटर घेऊ या, असं धाकट्या भावाने म्हटलं तेव्हा ताई आधी हसली आणि मग भडकली. फोटो काढण्यात तिचा जन्म गेलेला. वडिलांच्या त्या जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यासमोर तिने शहरातली निम्मी कुटुंबं उभी केली होती. तिला यंत्र हवं? तिची रीत ठरलेली होती. तळहात उजेडात धरायचा, डावा डोळा मिटायचा, उजव्याने हाताकडे बघायचं आणि भिंग किती उघडायचं तो आकडा बोलायचा. कॅमेऱ्याला लावतो तोच डोळा उजेडालाही लावावा, असं वडील सांगायचे.

"कॅमेरा म्हातारा झालाय, ताई," भाऊ म्हणाला. "एक मीटर असू दे हाताशी."

"मी म्हातारी झालेय असं सरळ म्हण की!"

तो कायमच गप्प. फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाने बोलायचं तरी कुणाशी? लोक त्याला मौनी म्हणत आणि तो त्या नावाला मुकाट ओ देई. पण या खेपेला त्याने असा लकडा लावला की कटकट मिटावी म्हणून ताई दुकानात गेली. मौनी मागोमाग आलाच.

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान अरुंद, आणि दुकानदार भलताच बोलका. त्याने काचेवर तीन मीटर मांडले. "हा काट्याचा, याला सेल लागत नाही. पण उजेड मंद झाला की काटा जागचा हलत नाही. हा आकड्यांचा, अंधारातही चालतो. आणि हा चिमुकला, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो. बोला!"

"आधी मी बोलते," ताई म्हणाली. "मग तुमची खेळणी बोलू देत."

तिला त्या तिघांची चांगली जिरवायची होती. खिडकीशी जाऊन तिने तळहात धरला, डावा डोळा मिटला. "चार."

दुकानदाराने तिथेच काट्याचा मीटर धरला. "आठ."

आकडा जितका लहान, तितकं भिंग जास्त उघडायचं. म्हणजे उजेड कमी आहे असं ताई म्हणत होती आणि भरपूर आहे असं काटा म्हणत होता. ताई खुशीत आली. "काट्याला म्हातारचळ लागला तुमच्या!"

दुसऱ्या मीटरने आठ सांगितलं. चिमुकल्यानेही आठच.

"तिघं एकाच माळेचे मणी," ताई म्हणाली, पण आवाजातला जोर गेला होता. दाराशी जाऊन तिने पुन्हा हात धरला. पुन्हा तोच फरक. तिन्ही यंत्रं एका बाजूला आणि ती दुसऱ्या.

डोळ्यात काही गेलं असेल म्हणून तिने उजवा डोळा मुठीने चोळला. तेवढ्या वेळात डावा उघडा राहिला, आणि समोरचा तळहात लख्ख दिसला. रेषा न् रेषा. तिने डावा मिटून उजवा उघडला. मधे कुणी मळका पडदा ओढावा तसा हात विझला. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. तिने दाराची चौकट धरली.

"आठच आहे," ती म्हणाली.

कॅमेऱ्यातून अंधुक दिसतं म्हणून तिने त्याच्या काचा कितीदा पुसल्या होत्या. फोटो काढायच्या खोलीतले दिवे बदलले होते, वर दिवेवाल्याशी भांडलीही होती. नाचता येईना अंगण वाकडं! आणि मग तिच्या डोक्यात दुसरा प्रश्न आला, पहिल्याहून वाईट. आठच्या जागी चार लावलं तर जास्त उजेड शिरून फिल्म जळून निघायला हवी. मग फोटो एवढे छान कसे येत होते?

ती वळली. मौनी पायपुसण्याकडे बघत उभा होता.

"माझ्या फिल्म कशा निघतात रे?"

"जळून काळ्याकुट्ट." तो हळूच म्हणाला. "मी औषधात कमी वेळ ठेवतो. राहिलेलं छापताना सांभाळून घेतो."

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून. आधी थोडं होतं. मग वाढत गेलं."

"आणि बोलला नाहीस?"

"एकदा बोललो. तू म्हणालीस, तुझं औषध शिळं असेल. मग म्हटलं, कशाला तुला दुखवायचं... मीटर घेतलास की आपोआप सुधारेल."

"फोटो सुधारले असते, गाढवा! डोळ्याचं काय?"

"डोळ्याच्या बाबतीत दिवस घालवू नयेत हो," दुकानदार बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

एक फोटो, फक्त एक फोटो बिघडून हातात आला असता, तर ताईने तेव्हाच डोळा दाखवला असता. मौनीनेच मायेने सगळं निस्तरून ठेवलं होतं. त्याला मारावं असं तिला वाटलं आणि त्याच्या गळ्यात पडून रडावं असंही. दोन्हीतलं काहीच जमेना.

तिने आकड्यांचा मीटर उचलला आणि मौनीच्या हातात कोंबला. "हा तू धरायचास. मी आकडा सांगेन. चुकला तर चुकलीस म्हणायचं. तोंडाने."

रस्त्यावर येताच तिने तळहात धरला, डावा डोळा मिटला आणि आकडा सांगितला. मौनीने मीटर बघितला.

"चुकलीस, ताई," तो इतक्या मोठ्याने म्हणाला की येणारेजाणारे थबकले.

"हं. आता डोळ्याच्या डॉक्टरकडे चल. तिथेही तूच बोलायचंस."

"मी? मी काय बोलू?"

"कधीपासून, असं विचारतील ते," ताई त्याचा दंड धरत म्हणाली. "मला कुठे माहीत आहे?"