चढण न चढलेला टायर

मी टायर. पिकअप गाडीचा, मागचा, डाव्या बाजूचा. ऐकणारच असाल तर आधीच सांगतो, माझा स्वभाव काही गोड नाही. ज्याच्या अंगावर अर्धा टन वजन टाकून त्याला वर्षानुवर्षं त्याच त्या रस्त्यावरून फरफटवलं, त्याच्याकडून गोडव्याची अपेक्षा कुणी करू नये.

तापलेल्या साच्यात माझा जन्म झाला. साच्याने माझ्या अंगावर बोटभर खोल खाचा पाडल्या आणि बाजूंना दगडाची धार झेलणारी जाड कातडी दिली. चिखल, वाळू, खडी, चढण, कुठेही पाठवा, असं आमचं वाण. आम्ही चौघे भाऊ एकाच दिवशी दुकानात आलो आणि एकमेकांवर रचून ठेवले गेलो. सगळ्यात खाली मी होतो. तिथूनच माझं डोकं फिरलं असावं.

एके सकाळी मालक दुकानात आला. टाइल्सच्या शोरूमचा मॅनेजर, इस्त्रीचा शर्ट, सोबत बायको.

टायरवाल्याने सरळ विचारलं, "साहेब, गाडी रोज कुठे असते?"

"घर ते शोरूम. अकरा किलोमीटर."

"सगळं डांबर?"

"डांबरच. पण मला कुठेही जाणारी गाडी पाहिजे."

"साधे घाला साहेब. हे आवाज करतात, डिझेल जास्त खातात, बसायला कडक लागतात. डोंगरात जायचं असेल तरच यांचा उपयोग."

"जायचंय ना."

"कधी?" बायकोने विचारलं. मालकाने ते ऐकलंच नाही. अशी बायको असली की कान आपोआप निवडक होतात.

तर आमची रोजची नोकरी सुरू झाली. साध्या रस्त्यावर आम्ही कसे चालतो, ते खोटं न बोलता सांगतो. वेग वाढला की आम्ही घोंघावतो. मालक आणि मालकीणबाई गाडीत एकमेकांवर ओरडून बोलत, आणि लोकांना वाटे यांचं रोजचंच भांडण आहे. ते तसं होतंही. खाचांत बारीक खडे अडकत आणि शोरूम येईपर्यंत टकटक करत. ओल्या डांबरावर थांबायला आम्हाला हातभर जागा जास्त लागे. एकदा सिग्नलला एका स्कूटरवाल्याच्या पाठीशी जाऊन आम्ही इतके जवळ थांबलो की त्याने मागे वळून मालकाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. पण पकड? पकड आमच्या रक्तात होती. ती वापरायची वेळच येत नव्हती, एवढंच.

एक मात्र खरं, मालकाने आमची हयगय केली नाही. वेळेवर हवा भरली, पुढचे मागे आणि मागचे पुढे केले. त्यामुळे तीन वर्षं डांबर घासूनही आमच्या खाचा निम्म्याहून जास्त शिल्लक होत्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आमच्या नावाने भलतंच बोललं गेलं.

आता त्याची खरी हौस सांगतो. दर रविवारी संध्याकाळी तो गाडी घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर न्यायचा. गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात एक बादली आणि एक प्लास्टिकचा मग कायम असे. माती कालवायची आणि मगाने गाडीवर उडवायची. आधी आम्हा चाकांवर, मग दारांच्या खालच्या भागावर, वर जाता जाता बारीक शिंतोडे. हातसुद्धा चांगला बसला होता त्याचा. बाल्कनीतून मालकीणबाई विचारायच्या, "अहो, झाला का मेकअप?" सोमवारी गाडी शोरूमच्या दारातच उभी राहायची. वॉचमन म्हणायचा, "काय साहेब, कुठे जाऊन आलात?" आणि मालक किल्ली बोटावर फिरवत म्हणायचा, "असंच. डोंगरात."

मला इतकी लाज वाटे! ज्या चिखलासाठी मी जन्मलो, तो मला मगाने आंघोळ घालावी तसा घातला जात होता. गियरच्या शेजारी चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा होता. त्यावर मालकाने चष्म्याची पिशवी अडकवून ठेवली होती. तीन वर्षांत त्या दांड्याला हात लागला तो फक्त चष्मा काढताना.

मालकाला एक धाकटी बहीण होती. तिचं घर शहराबाहेर एका टेकडीवर. पक्का रस्ता खालीच संपायचा, वर मातीची चढण, एका अंगाला उतार. तिचा नवरा सुतार. घरालगतच त्याचं काम चाले. घरी म्हातारी सासू. हे लोक भेटले की मालकाच्या जिभेला ऊत यायचा. "काळजी करू नका," तो म्हणायचा, "अडीनडीला एक फोन करा. माझी गाडी भिंतसुद्धा चढेल." सुतार हसायचा. बहीण मात्र विश्वास ठेवायची. भाऊ म्हणजे तिला देवच वाटे, आणि असा देव पाहून मला भाविकांची कीव येई.

मग तो दिवस आला. रात्रभर पडून पाऊस सकाळी थांबला होता. दुपारी शोरूममधून घरी जेवायला जाताना गाडीतच फोन वाजला. बहिणीचा आवाज फाटला होता.

"दादा, करवतीचं पातं तुटून ह्यांच्या मांडीत घुसलंय. रक्त थांबत नाहीये. अँब्युलन्सवाले म्हणतात चिखलात वर येणार नाही, तुम्हीच खाली आणा. शेजारचे लोक उचलून न्यायला तयार आहेत..."

"अजिबात हलवू नका भावोजींना!" मालक म्हणाला. "अँब्युलन्स नको. मी निघालोय. वर दारात येतो. थांबा फक्त."

आणि ते थांबले. त्याच्या शब्दावर चार धडधाकट माणसं पाऊण तास हातावर हात ठेवून बसून राहिली. मांडीला करकचून फडकं बांधलं होतं, ते भिजलं की बदलत होते. सुताराला जगायचं होतं, आणि त्याचं जगणं आमच्या चार चाकांवर ठेवलं होतं.

डांबरावर मालक शूर होता. असा पळवला त्याने आम्हाला की माझं अंग तापलं. पण चढणीच्या पायथ्याला येऊन गाडी थांबली. पुढचे दोघे भाऊ मातीवर नुसते टेकले होते, मी अजून डांबरावरच. समोर ओली लाल चढण. मी तुम्हाला छातीठोक सांगतो, ती चढण आमच्यासाठी काहीच नव्हती. चष्म्याची पिशवी बाजूला करायची, दांडा ओढायचा आणि सावकाश पाय द्यायचा. आम्ही चौघांनी तिला दातांनी धरून गाडी वर नेली असती.

मालकाने खिडकीतून उताराकडे पाहिलं. एकदा त्याने पाय दाबला, आणि गाडी वीतभर हलायच्या आत ब्रेक मारला. पाच मिनिटं तो तसाच बसून राहिला. वर माणूस रिता होत होता आणि हा आरशात स्वतःचं तोंड बघत होता.

मग फोन लावला. "अगं, तीनदा प्रयत्न केला. चढतच नाहीये. टायर पकडच घेत नाहीत, कुचकामी निघाले मेले. तुम्ही उचलून आणा खाली."

कुचकामी! मी! तेव्हाच मी फुटलो असतो तर बरं झालं असतं.

त्यांना खाली यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत माझ्या मालकाने काय केलं, ऐका. तो हौद्यात चढला. बादली काढली, मग काढला. कडेच्या गटारातलं पाणी आणि माती कालवली आणि आमच्यावर उडवली. दारांवर, बोनेटवर, स्वतःच्या पँटवरसुद्धा. घाईतही शिंतोडे छान उडाले होते. सरावाचा हात ना तो.

चौघांनी सुताराला एका दारावर निजवून आणलं. त्यानेच रंधा मारून ठेवलेलं ते दार होतं, बिजागरी लागायची होती. मागून बहीण, खाली बघत, घसरत. दार हौद्यात ठेवलं आणि आम्ही निघालो. हौद्याच्या फटीतून काहीतरी कोमट माझ्यावर ठिबकत राहिलं. अर्ध्या वाटेवर बहिणीची हाक बदलली. आधी ती त्याचं नाव घेत होती, मग नुसतंच "अहो, अहो" म्हणत राहिली. हॉस्पिटलच्या गेटातून गाडी आत वळली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नातेवाईक जमले. सगळ्यांनी चिखलाने माखलेली गाडी पाहिली. मालक पँटवरचा चिखल न झटकता उभा होता. बहीण आली, गाडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या दादाने तीनदा प्रयत्न केला." मालक हुंदके देऊन रडला. लोकांनी त्याची पाठ थोपटली. मला वाटलं, सुटला लेकाचा.

पुढे काही महिन्यांनी त्याने आम्हाला काढून साधे टायर बसवले. आवाज सहन होत नाही म्हणाला. बहिणीला कळलं तशी तिने फोन केला, "दादा, जुने टायर टाकून देऊ नकोस. चढणीवर पायऱ्या करते त्यांच्या." नाही कसं म्हणणार? त्याने आम्हाला आणलं आणि पायथ्याशी उतरवून तो निघून गेला.

ज्याने दाराचा एक कोपरा उचलला होता, तो शेजारचा गवंडी आम्हाला बसवायला आला. त्याने खड्डे खणले, आम्हाला आडवं ठेवलं आणि पोटात माती ठासली. मला पुरता पुरता तो म्हणाला, "वहिनी, एक विचारू? त्या दिवशी आम्ही खाली उतरलो तेव्हा चढणीवर चाकाची एकही खूण नव्हती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी खाली बघतच उतरत होते."

"मग बोलत का नाही तुम्ही?"

"मी कशाला बोलू? तो बोलतोय ना. बोलू दे."

तेव्हा मला कळलं की ह्या घरात माझ्याहून कडक कातडीचं कुणीतरी आहे.

तेव्हापासून माझा मुक्काम इथेच आहे. खालून दुसरी पायरी. मालक महिन्याला येतो, गाडी खाली ठेवतो आणि माझ्यावर पाय देऊन वर जातो. वर कुणी पाहुणा असला की ती चहा ठेवते आणि म्हणते, "दादा, सांग ना ह्यांना, किती वर आला होतास?" पहिल्यांदा त्याने पहिल्या वळणाकडे बोट दाखवलं. पुढच्या वेळी वळणाच्या वरच्या दगडाकडे. ती मान डोलावते, त्याच्या बशीत बिस्कीट ठेवते. सासू बिचारी दर वेळी त्याला म्हणते, "तू होतास म्हणून निदान हॉस्पिटल तरी दिसलं माझ्या लेकाला." तो वाळत चाललाय. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालीय. खरं सांगू? मला बघायला आवडतं.

परवा सुताराला जाऊन वर्ष झालं. वर माणसं जमली होती. मालक आला, दुसऱ्या पायरीवर थांबला आणि एकदम माझ्यावरच बसला. बहीण बादली घेऊन खाली येत होती. तो म्हणाला, "थांब जरा. तुला एक खरं सांगायचंय. त्या दिवशी मी..."

"आत्ता नको दादा," ती हसून म्हणाली. "सगळे तुझीच वाट बघतायत. ह्यांच्या मावशींनी तर तुझी हकिगत ऐकलीच नाहीये अजून."

"पाया पडतो तुझ्या. ऐकून घे."

"ऊठ. पँट खराब होईल."

तिने त्याला दंडाला धरून उठवलं आणि वर नेलं. दारं-खिडक्या उघड्या होत्या, मला सगळं ऐकू आलं. बहिणीने विचारलं, "सांग ना दादा, तिसऱ्या वेळी किती वर आला होतास?" मग त्याचा आवाज आला, रडवेला, थकलेला. "तिसऱ्या वेळी... दारापर्यंत आलो होतो."

आणि मग सासूचा आवाज आला. म्हातारीला काहीच माहीत नव्हतं, तिने अगदी साधेपणाने विचारलं.

"दारापर्यंत आला होतास बाळा? मग माझ्या लेकाला घेऊन का नाही गेलास?"

थोड्या वेळाने तो एकटाच खाली उतरला, माझ्यावर पाय न देता, बाजूच्या चिखलातून. तुम्ही कधी ह्या चढणीने गेलात तर माझी एवढीच विनंती आहे, खुशाल माझ्यावर पाय द्या. मी घसरू देणार नाही.